टिटवीची गवाही

गावच्या शाळेत मास्तर होऊन आल्यावर मी खोली मागायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, घरची चौकशी केली नाही. ओसरीवर बसल्या जागेवरून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, खोकला हाय का?"

म्हाताऱ्याला क्षयाची धास्ती असावी असं मला वाटलं. मी म्हणालो, "नाही."

"सकाळच्या शिंका?"

"त्याही नाहीत."

"बघा बरं. मागचे भाडेकरू रोज सकाळी शिंकून राहिले होते. घालवावं लागलं त्यांना."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आल्या आल्या माणसाला हैराण काहून करून राहिले? खोली द्यायची तर द्या, न्हाई तर न्हाई म्हणा." खोली मला मिळाली. शिंकांचा आणि भाड्याच्या खोलीचा संबंध काय, हे मात्र उन्हाळा लागेपर्यंत कळलं नाही.

त्यांना सगळं गाव पेशकारसाहेब म्हणायचं. मुन्सफाच्या कचेरीत त्यांनी उभी हयात पेशकारी केली होती. मुन्सफासमोर कज्जाचे कागद मांडायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे, साक्षीदाराला पुढे उभं करायचं, असं ते काम. पेन्शन घेऊन ते नरसीच्या खालच्या अंगाला, कयाधू नदीच्या काठावर असलेल्या आपल्या गावी आले आणि गळ टाकून मासे धरायला लागले. हे गावाच्या पचनी पडणारं नव्हतं. घर शाकाहारी, काकू गळ्यात माळ घातलेल्या. "उंबऱ्याच्या आत मासा आला की मी उंबऱ्याच्या भायेर," असं काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. साहेबांनी ते मुकाट मान्य केलं. धरलेला मासा ते परतीच्या वाटेवर जो पहिला भेटेल त्याच्या हातात ठेवत. तांड्यावरची एक म्हातारी मोळी घेऊन नेमकी त्याच वेळी त्याच वाटेला कशी यायची, हे सगळ्या गावाला कळत होतं. साहेबांना कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"खायचा नाही तर मासा धरायचा कशाला?" असा मी एकदा वाद घातला. मला वाद घालायची खोडच होती.

"मासा कोणाला पायजे?" ते म्हणाले. "हातात गळ नसलेला माणूस पाण्याकाठी बसला की लोक येऊन इचारतात, इथं काय करून राहिलास, जीव द्यायला आला का? गळ असला की कोणी काही इचारत न्हाई. बसू देतात."

त्यांना बसायचं होतं. बसून बघायचं होतं. चैत्र सरला की कयाधूची धार तुटते आणि जागोजाग डोह तेवढे उरतात. गावाच्या वरच्या बाजूला काळ्या खडकाखाली असा एक डोह होता. आसपासच्या रानातलं झाडून सगळं त्या पाण्यावर यायचं. रोही यायचे, मोर यायचे, मुंगूस यायचं, एका वर्षी तर पाणमांजरांचं एक बिऱ्हाड येऊन राहिलं होतं. साहेब तांबडं फुटायच्या आत तिथे जाऊन बसत आणि ऊन काळ्या खडकाच्या माथ्यावरून खाली पाण्याला टेकेपर्यंत एक अक्षर बोलत नसत.

बोलत नसत म्हणजे नसतच. त्यांच्या लेकीला मुलगा झाला तेव्हा निरोप घेऊन आलेला माणूस धावत डोहापर्यंत गेला. साहेबांनी त्याच्याकडे न बघता एक बोट वर केलं. बिचारा उन्हात ताटकळत उभा राहिला. ऊन पाण्याला टेकल्यावर साहेब उठले, गळ गुंडाळला, खडकाच्या पलीकडे गेले आणि तिथे म्हणाले, "हां, बोला." काकू त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. साहेबांनाही बरंच वाटलं असावं.

डोहावर ते कचेरी भरवत. म्हणजे परतताना वाटेत तिथलं सगळं वर्णन कचेरीच्या भाषेत करत. एका पायावर उभा राहून झोपल्याचं सोंग करणारा बगळा हे मुन्सफसाहेब. बाभळीत एकदम कालवा करणारे सातभाई हे वकील, कारण सगळे एकाच वेळी बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. पाण्यावरून निळा सपकारा मारून जाणारा खंड्या हा चपराशी. एकदा त्यांच्या गळाला हातभर मरळ लागली. काठी वाकली, मोरपिसाच्या देठाचं तरंगतं पाण्यात गडप झालं. एवढ्यात मागे तांबूस पिल्लांचा पुंजका घोटाळताना त्यांना दिसला. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि दोरा कापून टाकला. हैदराबादेहून मागवलेला चांगला गळ मासळीसोबत गेला. वाटेत मला म्हणाले, "नाबालिग लेकरं हायेत तिला. जामिनावर सोडली."

आणि टिटवी. टिटवीबद्दल ते बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

"मास्तर, आमी जन्मभर खोटी गवाही ऐकली. बेलभंडार उचलून खोटी, कुराण उचलून खोटी, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी. ह्या सगळ्या रानात ही एकटी खरी गवाहदार. ती एकच गोष्ट सांगते. परका आला, एवढीच. आन् त्यात तिची चूक होत न्हाई."

मला सोबत न्यायला त्यांनी सुरुवात केली ती मला शिंका येत नाहीत याची खात्री पटल्यावर. माझ्या डोक्याला तेवढाच ताप. मी गोदाकाठचा, पाण्यात उड्या मारणारा माणूस. एका जागी बसणं माझ्या रक्तात नाही. डोहाच्या अलीकडच्या काठावर ते बसत आणि मला पलीकडे, लव्हाळ्याच्या एका बेटात बसवत. "दोन माणसं एका रांगेत दिसली की जनावराला फौज वाटते," म्हणे. तिकडे जायचं ते दगडांवरून, उथळ पाण्यातून. वाळूत पाऊल टाकायचं नाही, वाळूत कोणाची अंडी असतील सांगता येत नाही. मी मनात शिव्या घालत दगडांवरून उड्या मारत जायचो.

लव्हाळ्याच्या समोरच, दोन हातांवर, गोट्यांमध्ये टिटवीने अंडी घातली होती. अंडी कसली, चार गोटेच. मी पहिल्या दिवशी बसलो आणि तिने आकाश डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी साहेबांनी मला आपली जुनी शेरवानी आणून दिली. ते स्वतः बारमाही मातकट रंगाची शेरवानी घालून डोहावर येत, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. "कपडे बदलले की पाखरं नवा माणूस समजतात. घाला." वैशाखात शेरवानी. तिला जुन्या कागदांचा आणि तपकिरीचा वास येत होता. आत मी शिजून निघायचो.

पण एका सकाळी ती बसली. आधी पाण्यावर गेली, उकिडवी होऊन पोटाची पिसं भिजवली, लांबवर उतरली, पिवळे पाय टाकत आडवाटेने चालत आली, डोळ्यापाशी तांबडी पट्टी असलेलं डोकं खालीवर करत माझ्याकडे बघितलं आणि ओलं पोट अंड्यांवर टेकून बसली. ऊन तापलं की ती असं करते, अंडी करपू नयेत म्हणून. मी श्वास धरून बसलो होतो. पलीकडे साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तेवढंच. परतताना मात्र भरभरून बोलत होते. मीही खूश होतो. खोटं कशाला बोलू, शाळेत नोकरी लागली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

हे सगळं अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यातलं. ते दिवस वाईट होते. निजामाच्या मोगलाईत राहायचं की हिंदुस्थानात जायचं, याचा निकाल लागायचा होता, आणि तोवर बंदुका घेतलेल्या खाकी वर्दीच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. सरहद्द आमच्यापासून फार लांब नव्हती. पलीकडून येणारी वर्तमानपत्रं मी शाळेच्या ओट्यावर लोकांना वाचून दाखवत असे. बंदी होती, पण मला कोणी नको म्हटलं की जास्तच चेव यायचा. शेवटी कोणीतरी नाव सांगितलं. गावात मी एकटाच बाहेरचा होतो. गावच्या पोरापेक्षा परक्या मास्तराचं नाव तोंडातून लवकर निघतं.

शेजारच्या गावातून एका माणसाला टोळीने उचलून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. आता माझी पाळी आहे, असा निरोप एका रात्री आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरहद्द ओलांडायचं मी ठरवलं. सकाळी साहेब नेहमीप्रमाणे दारात उभे, हातात शेरवानी.

"साहेब, आज नको," मी म्हणालो. "आज माझा जीव ठिकाणावर नाही."

"म्हणूनच चला. तुमाला धुंडायचं तर घरी येतील. डोहावर कोण येतो?"

आम्ही जाऊन बसलो. बगळा उभा होता, खंड्या येऊन गेला. टिटवी अंड्यांवर होती. माझं लक्ष कशातच नव्हतं. ऊन खडकाच्या माथ्यावर आलं होतं, पाण्याला टेकायला अजून बराच वेळ होता.

गावाच्या बाजूने सातभाईंचा कालवा ऐकू आला. मग तो जवळच्या बाभळींतून आला. साहेबांनी मान जराशी तिरकी केली. एक मोर रडल्यासारखा ओरडून उडाला. साहेबांनी पाण्यापलीकडून माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं.

पळावं असं माझ्या अंगातलं हाड न् हाड सांगत होतं. पण वैशाखात रान उघडंबोडकं असतं. नदीच्या काठावर चढलो असतो तर मैलावरून दिसलो असतो. मी पळालो नाही ते शहाणपणाने की त्या बोटाच्या धाकाने, हे मला आजही सांगता येणार नाही. मी लव्हाळ्यात खाली खाली सरकलो आणि शेरवानीत अंग चोरून बसलो. पायाला मुंग्या चावत होत्या.

टोळी उतारावरून डोहाशी आली तशी टिटवी उठली आणि त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. सात-आठ वर्दीवाले होते. त्यांच्यासोबत जवळच्या खेड्यातला एक शिकारी होता. माग काढण्यात तरबेज म्हणून त्याला घरातून उठवून आणलेलं असावं. सगळे साहेबांच्या बाजूला उभे राहिले. पुढारी दिसत होता तो साहेबांच्या जवळ गेला.

"ए बुड्ढे. मास्टर किधर है?"

साहेबांची नजर पाण्यावरच्या मोरपिसावर.

"बहरा है क्या?"

शिकारी म्हणाला, "हुजूर, हे पाण्याकाठी बोलत न्हाईत. सगळ्या गावाला ठावं हाय. डोक्यानं असेच हायेत."

पुढाऱ्याने बंदूक उलटी धरली आणि दस्त्याचा फटका साहेबांच्या डाव्या कानावर मारला.

तो आवाज मला पलीकडे ऐकू आला. साहेब आडवे झाले, टोपी पाण्यात पडली. मी उठणार होतो. देवाशप्पथ उठणार होतो, गुडघा वर घेतलासुद्धा. पण साहेब हाताच्या रेट्याने हळूहळू सरळ झाले, पडलेली काठी उचलली, पुन्हा मांडी घातली. तोंडातून हूं की चूं नाही. कानातून रक्ताचा ओघळ शेरवानीच्या गळपट्टीत उतरत होता. आणि माझ्याकडे न बघता त्यांनी ते बोट पुन्हा वर केलं. तिकडच्यांना वाटलं असेल, म्हातारा आकाश दाखवतो आहे. मी गुडघा खाली टेकला.

"उस झाड़ी में देखो," पुढारी लव्हाळ्याकडे हात करून म्हणाला. दोघांनी बंदुका माझ्या दिशेने केल्या, पण पाय कोणाचा उचलेना. आत कोणी बंदूक घेऊन बसलं असेल तर, ही भीती त्यांनाही असणारच.

शिकाऱ्याने हात आडवा केला. "थांबा जरा, हुजूर. तिकडं वाळूत पाऊल न्हाई उमटलेलं कोणाचं. आन् ती टिटवी बघा. तिची अंडी तिथंच कुठं हायेत. ऊन तापून राहिलं, ती आता येणार अंड्यावर. तिथं माणूस असंल तर ती मरंल पण बसणार न्हाई. बसली, तर तिथं कोणी न्हाई. तीच सांगंल. फकत हलू नका कोणी."

आणि ते हलले नाहीत. बंदुकांसकट ती सगळी टोळी डोहाकाठी गुपचूप उभी राहिली. वर टिटवी, अलीकडे साहेब, पलीकडे मी. कोणी खोकत नव्हतं, कोणी शिंकत नव्हतं.

ती पाण्यावर उतरली. पोट भिजवलं. उडून लांब गोट्यांवर बसली. तिथून चालायला लागली. दोन पावलं, थांबणं, मान खालीवर. पुन्हा दोन पावलं. माझ्या घशात तपकिरीची खवखव सुरू झाली. जन्मात कधी आली नव्हती ती त्या घटकेला आली. मी जीभ दातांखाली धरली, तोंडात रक्ताची चव आली. डोळ्यांत घाम उतरत होता आणि पापणी मिटायची सोय नव्हती.

ती अंड्यांपाशी आली आणि थेट माझ्याकडे बघितलं. तिच्या आणि माझ्या डोळ्यांत दोन हातांचं अंतर. मी तिथे आहे हे तिला दिसत होतं. तिने चोच उघडली असती तर माझं आयुष्य तिथेच संपलं असतं. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो, आई म्हणालो, काय काय म्हणालो.

तिने पिसं फुगवली आणि बसली.

पलीकडे शिकाऱ्याचा आवाज आला, "चला. तिथं कोणी न्हाई."

ते गेले. सातभाईंचा कालवा लांब लांब गेला, मग थांबला. तरी साहेब उठले नाहीत. ऊन खडकावरून उतरत उतरत पाण्याला टेकलं तेव्हा त्यांनी गळ गुंडाळला. मी दगडांवरून धडपडत पलीकडे गेलो, त्यांचे पाय धरले आणि ढसाढसा रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर थापटलं आणि खडकाकडे बोट केलं. खडकापलीकडे गेल्याशिवाय बोलणार नव्हते ते. त्याही दिवशी.

खडक ओलांडल्यावर मी म्हणालो, "साहेब, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी काहून? ऊन किती होतं! मी वरडलो असतो तर ती लवकर आली नसती. अंडी करपली असती," असं म्हणून ते चालायला लागले. तोल जात होता म्हणून माझ्या खांद्याचा आधार मात्र त्यांनी घेतला. वाटेत तांड्यावरची म्हातारी मोळी घेऊन उभी होती. साहेबांचा कान बघून तिने मोळी टाकली आणि पदराने रक्त पुसायला लागली. "आज काही लागलं न्हाई गळाला," असं साहेब तिला ओशाळून सांगत होते.

मी त्या संध्याकाळी सरहद्दीपलीकडे गेलो. पावसाळा संपता संपता निजामी गेली आणि मी परत आलो. काकूंनी मला बघून डोळ्याला पदर लावला, मग म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना डाव्या अंगानं बोलू नका. ऐकू येत न्हाई." तो कान पुन्हा कधी सुधारला नाही. ज्या माणसाला रानातल्या पानाचा आवाज कळायचा, त्याचं अर्धं रान मुकं झालं होतं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. डोहावर आता ते उजवा कान पाण्याकडे करून तिरपे बसत. डावीकडून काही ओरडलं की पलीकडच्या काठावरून मी बोट वर करायचं, असं आमचं ठरलं. शेरवानी मी स्वतःहून मागून घेतली.

थंडीच्या दिवसांतली एक सकाळ. आम्ही डोहावरून परतत होतो, खडक मागे पडला होता. मी त्यांच्या उजव्या अंगाला होतो. लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती आणि मला पुन्हा वाद घालायची हुक्की आली.

"साहेब, तुम्ही म्हणायचात, टिटवी कधी खोटी गवाही देत नाही. माझ्यापायी दिली की नाही तिनं?"

ते थांबले. इतके रागावलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. गळाची काठी जमिनीवर आपटून म्हणाले, "खोटी? काय खोटं बोलली ती?"

"मी तिथं होतो की."

"तुमी तिथं होता, ते तिला कोणी इचारलंच न्हाई. ती एकच गोष्ट सांगत असती, परका आला का. तिनं तुमाला चांगलं डोळे भरून बघितलं आन् सांगितलं, इथं परका कोणी न्हाई." त्यांनी काठी पुन्हा खांद्यावर टाकली. "बराबर सांगितलं. चला."